भरतीचा मलम

"पोरीला मलम कोनी लावला?" भाविकानं सकाळी सकाळी घर असं डोक्यावर घेतलं, की बोनकोड्याच्या त्या गल्लीतली कुत्रीसुद्धा गप झाली.

नवरा दिपेश म्हणाला, मी लावला. सासरा शिवा म्हणाला, मीबी लावला. भाविका तर स्वतःच लावून बसलेली. पोर इतकी चिकट झालेली, की उचलायला जावं तर बोईट मासळीसारखी हातातून सटकायची. आणि आदल्या दिवशी? तिघांनाही वाटलं, दुसऱ्यानं लावला असेल. सात सुगरणी नि भाजी अळणी, त्यातली गत.

उन्नती तीन वर्षांची. कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्यामागं जुना एक्झिमा. खाजवून खाजवून चिघळला होता, वर मधासारखी पिवळी खपली. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब दिली होती ती चिघळल्या जागी, दिवसातून दोनदा, सात दिवस. शिवाय डब्यातलं क्रीम साऱ्या अंगाला. "चुकवू नका. ताप आला तर ॲडमिट करावं लागेल," असं बजावलं होतं. पण भाविकाची नोकरी तुर्भ्याला, दिपेशची उरणला कंटेनर यार्डात. मलमाचा अलार्म वाजायचा तो कंपनीत, भाविकाच्या पर्समध्ये.

"ट्यूब मना दे," शिवा म्हणाला.

"बाबा, तुमाला घड्याळ कुठं कळतं?"

"घड्याल नाय कलत, दर्या कलतं. दिसातून दोनदा ना? भरतीबी दोनदाच येते. चालीस वरसां मिठागराचा दरवाजा भरतीवर उघडला गो, एक येल चुकली नाय."

भाविकानं कपाळावर हात मारला. पण कंपनीची बस सुटत होती. ट्यूब दिली.

त्या दिवशी सप्तमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे खाडीकाठचं जुनं गणित; म्हातारा मात्र पाण्याकडं बघूनच उठायचा. संध्याकाळी सव्वापाचला पहिला मलम लागला. मग सकाळ-संध्याकाळ, अष्टमीला सहाला, नवमीला पावणेसातला. हात साबणानं धुवायचा, कोमट पाण्याच्या फडक्यानं खपली मऊ करायचा, मग मलमाचं पातळ बोट फिरवायचा. भाविकानं विचारलं, "रोज येळ का बदलता?" तर म्हणायचा, "दर्याला इचार."

एकादशीला शेजारच्या नामाच्या पोराची हळद. डीजे असा दणदणत होता की पत्रे हलत होते, आणि उन्नती त्या तालावर उड्या मारत होती. सव्वाआठला शिवा मांडवात मधोमध उभा राहून ओरडला, "बंद कर रं ते!"

डीजे थांबला. बायांना वाटलं, कोन तरी गेलं. एकीनं तर रडायला तोंडही उघडलं.

शिवानं कमरेची ट्यूब काढली. "भरती लागली. पोर उरी मारते, मलम कसा लावू?"

नामाची बायको सत्यभामा हळदीचे हात घेऊन पुढं आली. "मामा, मलम कशाला? चार बोटं हलद लाव, सगलं सुकंल."

"हलद नाय. हात धू नि मोबाईलची बत्ती धर."

सत्यभामानं मुकाट हात धुतले, बत्ती धरली. दोनशे माणसं श्वास रोखून बघत होती. धरणीनं पोटात घ्यावं, असं भाविकाला झालं. शेवटचं बोट फिरवून शिवा म्हणाला, "चालू कर!" आणि मांडव पुन्हा नाचू लागला.

आठव्या दिवशी दवाखान्यात. खपल्या गेलेल्या, कातडी गुलाबी. डॉक्टरीणबाई खूश. "वेळा छान पाळल्यात. किती वाजता लावत होता?"

भाविका खाली बघायला लागली. "भरतीला," शिवा म्हणाला, आणि तिथीपासून सगळं समजावलं. बाईंनी पेन ठेवलं, बोटं मोजली. "म्हणजे साधारण साडेबारा तासांनी एकदा. आजोबा, घड्याळवाल्यांना हे जमत नाही! आता ट्यूब बंद. डब्यातलं क्रीम मात्र दिवसातून तीनदा."

शिवाचा चेहराच उतरला. घरी आल्यावर ओट्यावर बसून बोटं मोजत राहिला. शेवटी उठला आणि डबा भाविकाच्या हातात दिला.

"दोन मी बघतंय. तिसरी भरती मना कुठशी मिलंल? ती तुजी."

ट्यूब दिल्यापासून पहिल्यांदा मलम तिच्या हाती आला होता. तिनं हात धुतले, पोरीला मांडीवर घेतलं. दुपारचे दोन वाजले होते.

"बाबा, आता ओहोटी चाललीय ना? लावू का?"

शिवानं खाडीकडं बघितलं.

"लाव," तो हळूच म्हणाला. "पन दर्याला कलू देव नको."