बाकावरचे डॉक्टर

सांधेदुखीच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या दाराबाहेर एक लांब बाक असतो. तुम्हीही कधी ना कधी अशा बाकावर बसला असाल. आत डॉक्टर भेटतात पाच मिनिटं, बाहेर बाक भेटतो अख्खी सकाळ. मग इलाज कुठे ठरणार? बाकावरच! कुणाला काय बाधलं, कोणती गोळी उष्ण पडते, सगळ्याचा निकाल तिथेच लागतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

या बाकावर ब्रेकबाईंचं राज्य होतं. बाई गाडी चालवायला शिकवतात. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखाली जादा ब्रेक ठेवायचा आणि दिवसभर "ब्रेक! अहो, ब्रेक दाबा!" म्हणून ओरडायचं, त्यावरून हे नाव पडलं. आमवातानं बाईंची बोटं वाकली होती, पण आवाज अजून ताठ होता.

"मी भोगलंय म्हणून सांगते," त्या म्हणायच्या. "गेल्या वर्षी फ्लूची लस टोचून घेतली आणि माझे गुडघे भोपळ्याएवढे झाले! आपलं शरीर आधीच आपल्यावर उलटलेलं. त्यात आणखी तेल कशाला ओतायचं?"

बाकावरच्या माना डोलायच्या. शिवणकाम करणाऱ्या मावशी तर ब्रेकबाईंच्या शब्दाबाहेर नव्हत्या. दोघी एकाच गल्लीतल्या. दर महिन्याला ब्रेकबाई आपल्या शिकवणीच्या गाडीतून मावशींना दवाखान्यात घेऊन यायच्या आणि सोडायच्या. डॉक्टरांनी मावशींना तीच फ्लूची लस लिहून दिली, तेव्हा मावशी इंजेक्शनच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्याही होत्या. बाहीसुद्धा वर केली होती. ब्रेकबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना बाकावर परत आणून बसवलं.

"विकतचं दुखणं कशाला घेताय, मावशी?"

मावशींनी बाही खाली ओढली. बाकावरचे सगळे हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे!

पुढच्या महिन्यात मावशींच्या घराला कुलूप दिसलं, म्हणून ब्रेकबाई एकट्याच आल्या. थोड्या वेळानं मावशींच्या जागी त्यांची परगावी राहणारी मुलगी आली. ती बसली नाही. बाकासमोर उभी राहून तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"माझ्या आईला लस घेऊ नको म्हणून कोणी सांगितलं?"

एरवी दहा तोंडांनी बोलणारा तो बाक आता आपापल्या चिठ्ठ्या चाळू लागला.

"आई रुग्णालयात आहे. फ्लू छातीत उतरला. न्यूमोनिया झालाय, ऑक्सिजनवर ठेवलंय. लस का नाही घेतलीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, बाकावर नको म्हणाले. बाकावर! कोण मोठे डॉक्टर बसतात इथे? मलाही कळू द्या!"

ब्रेकबाई उठल्या. "मी म्हटलं. पण भल्यासाठीच म्हटलं गं. मला त्रास झाला होता म्हणून..."

"तुम्हाला त्रास झाला म्हणून माझ्या आईनं मरायचं?"

आरडाओरडा ऐकून डॉक्टर बाहेर आल्या. मुलीनं त्यांनाही सोडलं नाही. "आणि तुम्ही हो! चिठ्ठीवर लस लिहिलीत आणि पुढचा नंबर पुकारलात. तिला कसली भीती वाटतेय, हे विचारलंत एकदा तरी?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "नाही विचारलं. ती माझी चूक आहे," त्या म्हणाल्या आणि चक्क बाकावर येऊन बसल्या. "आता विचारते. ब्रेकबाई, लस घेतल्यावर तुमचे गुडघे सुजले. तेव्हा नेहमीच्या गोळ्या चालू होत्या?"

ब्रेकबाईंची नजर जमिनीकडे गेली. "बंद ठेवल्या होत्या."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्याच. तुम्हीच म्हणता ना, या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून धरतात? मग लस अंगी लागणार कशी? म्हणून आधी महिनाभर सगळ्या गोळ्या थांबवल्या. म्हटलं, अंग जरा मोकळं होऊ दे."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही रागावला असता."

"रागावलेच असते! आताही रागावलेय!" डॉक्टरांचा आवाज चढला. "उतारावर ब्रेकवरचा पाय तुम्हीच काढलात. गाडी सुटली. आणि दोष कोणाला? लसीला! अहो, त्या गोळ्याच तुमच्या आजाराचा ब्रेक होत्या!"

बाकावरच्यांनी आपापल्या पिशवीतल्या गोळ्या चाचपल्या.

"लस घेतली की दंड दुखतो, कणकण येते, कधी सांधेही कुरकुरतात. मी ते लपवत नाही," डॉक्टर जरा सावरून म्हणाल्या. "काही लसी तुमच्या औषधांबरोबर चालत नाहीत, त्या मी देणारच नाही. एखादी गोळी थोडे दिवस थांबवायची असेल तर तेही मीच सांगेन. पण ही लस तुम्हाला चालते. आजारानं आणि औषधांनी तुमच्या अंगाची राखण कमी झालेली असते. म्हणूनच ती तुम्हाला इतरांपेक्षा जास्त हवी!"

"लस घेतली असती तर आई आजारी पडलीच नसती, असं मी म्हणत नाही," मुलगी म्हणाली. "पण तिच्या हातात ढाल तरी असती. ती तुम्ही काढून घेतलीत."

ब्रेकबाई तिथून तडक रुग्णालयात गेल्या. मास्कमागचा मावशींचा चेहरा पाहून त्यांना हुंदका फुटला. "मावशी, मला माफ करा."

मावशींनी मास्क जरासा बाजूला केला. "रडू नकोस. मला तुझा राग आलाय, आणि तो इतक्यात जायचा नाही." त्यांना धाप लागली. "माझ्यापुढे आसवं गाळून काय उपयोग? जिथं बोललीस, तिथं जाऊन बोल."

नर्सनं येऊन मास्क पुन्हा नीट बसवला.

पुढच्या तपासणीच्या दिवशी ब्रेकबाई बाकावर बसल्या नाहीत, समोर उभ्या राहिल्या. "ऐका सगळे! मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. माझे गुडघे लसीनं नाही, माझ्या शहाणपणानं सुजले. गोळ्या मी बंद केल्या होत्या!"

"मागे तर छातीठोकपणे वेगळंच सांगत होतात," कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले.

"हो, सांगत होते! आणि तुम्ही ऐकत होतात! मावशींना मी दारातून ओढून आणलं, तेव्हा तुम्हीही हसलात ना?"

ब्रेकबाई डॉक्टरांकडे गेल्या, गोळ्यांबद्दल सगळं नीट विचारून घेतलं आणि मग इंजेक्शनच्या खोलीत शिरल्या. बाहेर आल्या त्या वाकड्या बोटांनी दंडावर कापूस दाबून धरतच.

"ज्याला भीती वाटते, त्यानं आत जाऊन डॉक्टरांना विचारावं," त्या म्हणाल्या. "पुढचा नंबर पुकारला तरी उठू नका!"

मित्रहो, आपला अनुभव जरूर सांगावा, पण सांगायचा तर पुरता सांगावा. अर्धवट अनुभवाचा सल्ला देऊन दुसऱ्याच्या जिवाशी खेळण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? आणि डॉक्टरांनीही समजून घ्यावं, की जिथे त्यांचं बोलणं थांबतं, तिथूनच बाकाचं सुरू होतं.

मावशी वाचल्या. पूर्ण बऱ्या झाल्यावर डॉक्टरांना विचारून त्यांनीही लस घेतली. जिना चढताना मात्र त्यांना अजून मध्येच थांबावं लागतं. दवाखान्यात त्या आजही ब्रेकबाईंच्याच गाडीतून येतात. पण आता मागच्या सीटवर बसतात, आणि वाटेत बोलत नाहीत.