लिफाफ्यावरची विहीर

मला चित्रं आवडत नाहीत. म्हणजे लिफाफ्यांवरची. जुना लिफाफा हातात आला की मी आधी तिकीट बघते, मग त्यावरचा टपालाचा शिक्का, मग शिक्क्यातली तारीख. चित्र म्हणजे नुसती सजावट. जुने लिफाफे जमवणारे आम्ही सगळे असेच. आमच्या मंडळात कुणी चित्राचं कौतुक करायला लागलं की बाकीचे जांभया देतात.

म्हणून तो मिशनचा लिफाफा मिळाला तेव्हा मी शिक्क्यावरच लट्टू झाले. आत पत्र वगैरे काही नव्हतं, नुसताच रिकामा लिफाफा. पण आमच्या रस्त्याच्या टोकाला जे जुनं चर्च आहे ना, ते बांधणाऱ्या मिशनऱ्यांनी लांबच्या वर्गणीदारांना पाठवायला छापून घेतलेला. कोपऱ्यात लाकडी ठशाने छापलेलं चित्र होतं. मध्ये चर्च, दाराच्या डावीकडे विहीर, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई, जवळ करवत चालवणारा सुतार, पायरीवर लिहीत बसलेला एक माणूस. खाली ठळक अक्षरांत मिशनचं नाव.

"आजी, अय्या! यातले सगळे माझ्यासारखे डावखुरे आहेत!" गोटी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली.

गोटी माझी नात. एका जागी दोन मिनिटं ठरत नाही म्हणून गोटी. तिची आई, म्हणजे माझी लेक, इस्पितळात नर्स आहे, त्यामुळे शाळा सुटल्यापासून ही माझ्या गळ्यात. डावखुरी आहे आणि वर्गात तिला त्यावरून चिडवतात, म्हणून तिला त्या चित्राचा केवढा आनंद!

"गप बस," मी म्हटलं. "आणि भिंगाला बोटं लावू नकोस."

मंडळाचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. तिथे नुसता लिफाफा मांडून भागत नाही, त्यामागचा इतिहासही लिहावा लागतो. म्हणून मी चर्चमध्ये गेले. पाळकसाहेबांनी मला एक कुबट वासाचं कपाट उघडून दिलं आणि आपण खोकत बाहेर गेले. त्यात मिशनच्या कुठल्याशा वर्धापनाला छापलेली पुस्तिका सापडली. शाळा कधी काढली, घंटा कुठून आणली, कोण कुठल्या तापाने गेलं, सगळं रटाळ. मी पानं उलटत होते आणि मनात म्हणत होते, विहिरीबद्दल दोन ओळी मिळाल्या तर बरं.

मिळाल्या. विहीर फार खोल होती. एका गवंड्याची लहान मुलगी खेळता खेळता तिच्यात पडली आणि सापडलीच नाही. त्यानंतर मिशनऱ्यांनी विहीर बंद केली. बुजवली नाही, बुजवायला झेपेना. तोंडावर आडवे ओंडके टाकले, ओंडक्यांवर फरश्या, फरश्यांवर माती, आणि जागा सपाट करून टाकली. कोणत्या बाजूला, ते लिहिण्याची कुणाला गरज वाटली नव्हती. तेव्हा सगळ्यांना माहीतच असणार.

ओंडके! एवढ्या वर्षांत लाकडाचं काय होतं ते मला सांगायला नको. माझ्या मोरीची चौकट वाळवीने किती दिवसांत खाल्ली ते मी बघितलंय.

तेवढ्यात बाहेरून धप् धप् आवाज आला. गायनबाई मुलांची तालीम घेत होत्या. चर्चच्या कार्यक्रमासाठी गाणं बसवलं होतं, त्यात प्रत्येक कडव्याला पाय आपटायचे होते. मी खिडकीतून बघितलं. समोरून बघितलं तर दाराच्या डावीकडे येतं, त्या अंगणात पोरं रांगेने उड्या मारत होती आणि मधोमध माझी गोटी, सगळ्यांत उंच उडी तिची.

डावीकडे. चित्रातली विहीर डावीकडे.

पुस्तिका मी तिथेच टाकली. मी तशीच खिडकीतून ओरडले, "बाजूला व्हा! सगळे बाजूला व्हा आधी!" माझा आवाज काय, मला तो कधी हळू करता आलाच नाही. लेक म्हणते, आई कानात सांगते तेही शेजाऱ्यांना कळतं. गायनबाईंच्या हातातला डफ खाली पडला. पाळकसाहेब धावत आले.

"बाई, अहो झालं काय?"

मी लिफाफा दाखवला, पुस्तिका दाखवली. ते आधी हसले. "इतकी वर्षं लोक या अंगणात वावरतायत. कधी काही झालं नाही."

"वावरतायत, उड्या नाही मारत. उद्या काही झालं तर त्या पोरांच्या आयांना तुम्ही तोंड दाखवणार का मी?"

ते जरा वरमले. "मग तालीम घ्यायची तरी कुठे?"

आणि मी, मी शहाणीने, हात करून दाखवलं. "तो उजवीकडचा हॉल रिकामाच आहे की. नुसती मोडकी बाकं भरून ठेवलीत. ती काढा बाहेर. लाकडी जमीन आहे, मुलांचे पायही दुखायचे नाहीत."

त्यांनी ऐकलं. शिवाय अंगण खणून बघायला दोन मजूर सांगितले. हॉल झाडला, बाकं बाहेर आली, तालीम आत गेली. मी घरी येऊन लेकीला फोन केला आणि म्हटलं, तुझी आई कागदाचे कपटे जमवते म्हणून हसतेस ना, आज त्या कपट्याने तुझी पोर वाचवली. ती रडायलाच लागली. मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गोटीला तालमीला पाठवून मी प्रदर्शनाचा कागद लिहायला बसले. आता या लिफाफ्यात चित्रच महत्त्वाचं, तेव्हा त्याचं वर्णन नीट हवं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या चित्रावर भिंग धरलं. लिहिलं, 'विहिरीवर पाणी शेंदणारी स्त्री.' कुठल्या हाताने जोर लावतेय? डाव्या. 'करवत चालवणारा सुतार.' करवत डाव्या हातात. 'लिहीत बसलेले गृहस्थ.' लेखणी डाव्या हातात.

माझी लेखणी थांबली.

सगळे कसे डावखुरे असतील? गावात कुणी एखादा असतो. इथे झाडून सगळे?

आणि मग मला कळलं. लाकडी ठसा कोरताना चित्र उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठे छापल्यावर ते सुलटं येतं. घाईतला कारागीर समोरचं चित्र जसंच्या तसं कोरतो, आणि मग छापलेल्या चित्रात उजवं ते डावं होतं आणि डावं ते उजवं. खालची अक्षरं छापखान्यातल्या वेगळ्या शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली, ती सरळच येतात, त्यामुळे बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आणि चर्च तर दोन्ही बाजूंनी सारखंच, मधोमध दार, वर मनोरा. हे मला माहीत होतं हो! यावर मी मंडळात भाषण ठोकलं होतं. ज्यांना जांभया येत होत्या त्यांना दटावलंही होतं.

तरी खात्री म्हणून बेसिनवरचा आरसा काढून आणला. इतक्या घाईने ओढला की खिळाही बरोबर उपटून आला. चित्र आरशात धरलं. बाई उजव्या हाताची झाली. सुतार उजव्या हाताचा झाला. आणि विहीर दाराच्या उजवीकडे गेली, जिथे आता मागाहून बांधलेला तो हॉल आहे.

ज्या हॉलमध्ये मी पोरांना पाठवलं होतं.

पाळकसाहेबांना फोन लावला. बंद. गायनबाईंना लावला, त्या तालमीत उचलत नाहीत. मी पायांत काय घातलं, दार लावलं की नाही, काही आठवत नाही. रस्ता तोच, रोजचा, पण संपेना. मनात एकच चाललं होतं, त्या गवंड्याची पोर, ती सापडलीच नाही, सापडलीच नाही. समोरून ओळखीचा शिंपी येत होता. "काय बाई, कुठे एवढ्या घाईने?" म्हणाला, तर मी त्याला ढकलूनच पुढे गेले.

अंगणात मजूर खड्ड्याच्या काठावर बसले होते. त्यातला एक मला बघून उठला. "बाई, काय नाही इथं. खाली सगळा खडक आहे. विहीर काढायला कुणी येडा पण इथं येणार नाही."

शंका होती तीही गेली. आतून आवाज येत होता, धप्, धप्, धप्. आणि काल अंगणात होता तसा तो भरीव आवाज नव्हता. रिकाम्या पिंपावर थापा माराव्यात तसा होता.

दारात पोचले आणि ओरडायला तोंड उघडलं. हॉलच्या मधोमध गोटी, भोवती बाकीची मुलं. तिच्या पायाखालची फळी उडीबरोबर खाली दबत होती आणि परत वर येत होती. गायनबाई भिंतीशी उभ्या राहून डफ वाजवत होत्या, त्यांना काही दिसत नव्हतं.

तेव्हा ध्यानात आलं की ओरडले तर ही सगळी दचकून एकदम धावत सुटतील. सगळ्यांचा भार एकदम पडेल. मी तोंड मिटलं. आयुष्यभर ज्याच्यावर जगले तो आवाज मी तसाच गिळला.

"गायनबाई," मी अगदी हळू म्हटलं, "डफ थांबवा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि थांबवला. माझं तोंड कसं झालं होतं देव जाणे.

"मुलांनो, आता एक गंमत करायची. मांजर कसं चालतं? आवाज न करता. तसं चालायचं. एकेकाने भिंतीला धरून माझ्याकडे यायचं. पळेल तो बाद."

गायनबाईंना मी खुणेने कडेकडेने आधी बाहेर घेतलं. मुलांना खेळ आवडला. एकेक जण तळवे दाबत भिंतीकडे सरकला आणि कडेकडेने माझ्याकडे आला. मी एकेकाच्या दंडाला धरून बाहेर गायनबाईंकडे देत होते. फळ्या करकरत होत्या. कुठेतरी खाली काहीतरी सुटलं, माती घसरल्यासारखं, आणि मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग खोलवर पाण्याचा आवाज.

तो मी ऐकला. गायनबाईंनी ऐकला. त्यांनी तोंडावर हात दाबला.

गोटी मात्र जागची हलली नव्हती. मधोमध तशीच उभी, डोळे पाण्याने भरलेले.

"ये ना, राणी," मी म्हटलं.

"आजी, तू अशी का बोलतेस?"

"कशी?"

"हळू. तू कधीच हळू बोलत नाहीस. मला भीती वाटतेय. मी काय केलं?"

आत जावं तर माझं वजन. न जावं तर ती हलेना. माझ्यासारखी हतबल बाई त्या क्षणी जगात दुसरी नसेल. मी खाली बसले, आडवी झाले आणि दारातून पोटावर आत सरकले, हात पुढे करून. म्हातारी बाई पालीसारखी जमिनीवर पसरलेली बघून गोटीला रडता रडता हसू आलं.

"तू काही केलं नाहीस. आडवी हो. माझ्यासारखी. आता सरपटत ये, बघू कोण आधी हात लावतं ते."

ती आडवी झाली. सरपटली. तिने डावा हात पुढे केला, अर्थातच डावा, आणि मी तो असा धरला की नंतर कितीतरी दिवस तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ होते. ओढून तिला उंबऱ्याबाहेर काढलं आणि मग जी बोंब मारली, ती इतका वेळ गिळलेली सगळी.

बोंब ऐकून आलेल्या पाळकसाहेबांनी मजुरांना बोलावलं. त्यांनी कडेला उभं राहून पहारीने मधली फळी उचकटली. खाली माती नव्हतीच, ती केव्हाच आत गेली होती. फरश्या निसटलेल्या. एक ओंडका तेवढा राहिला होता. मजुराने त्याला पहार लावली तर पहार भाकरीत बोट जावं तशी आत गेली. त्याने एक दगड टाकला. पाण्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

मुलांच्या आया येऊन पोचल्या. कुणी माझे हात धरले, कुणी पाया पडायला वाकलं. माझी लेक इस्पितळातून तशीच धावत आली होती, ती मला सोडीचना. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर डोळे पुसले. "बाई नसत्या तर आज काय झालं असतं! एवढ्याशा लिफाफ्यावरून त्यांनी मुलं वाचवली."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी गोटीला मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते, आणि तिच्या कपड्यांची धूळ झटकत होते.

"पण आजी," गोटी म्हणाली, तिचा आवाज माझ्यावरच गेलाय, सगळ्यांना ऐकू गेला, "आम्ही तर अंगणात नाचत होतो. तिथे काहीच नव्हतं."

"नव्हतं," मी म्हटलं.

"मग आम्हाला आत कुणी पाठवलं?"

पाळकसाहेब जमिनीकडे बघायला लागले. भला माणूस.

"मी," मी म्हटलं. माझ्या लेकीचा हात माझ्या खांद्यावर होता, तो तिथेच राहिला, पण जड झाला. "मी पाठवलं. मी चित्र उलटं वाचलं."

गोटी माझ्याकडे वळली.

"मी तुला सांगितलं होतं ना, सगळे डावखुरे आहेत म्हणून."

"सांगितलं होतंस गं."

"आणि तू म्हणालीस, गप बस."