मुशीची पारख

मावशींचं नाक बंद पडलंय ही गोष्ट बाहेर फुटली असती, तर सगळ्यात जास्त फायदा त्यांच्या नणंदेचा झाला असता. होड्या दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मावशी मुख्य आणि नणंद दुय्यम, असा पंधरा वर्षांचा रिवाज. कांदे वन्संनी चिरायचे, फोडणी मावशींनी द्यायची. घाम दोघींचा, आणि चाळीस कामगारांचं ‘वा!’ एकटीचं. मावशी घरी बसल्या असत्या, तर मोठी शेगडी, खिडकीजवळची जागा, कोठीची किल्ली आणि ते ‘वा!’ सगळं आयतं वन्संच्या पदरात पडलं असतं. वन्संच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हेही मावशींना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्या कुणाला बोलल्या नव्हत्या.

आठ आठवड्यांपूर्वी ताप आला, गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. लसूण परतला तरी काही नाही, कॉफी उकळली तरी काही नाही. पण मावशी काही कच्च्या नव्हत्या. तेल तापलं की नाही ते कानाने ओळखायचं, मसाला भाजला की नाही ते रंगावरून. मासळीचं तर सोपंच: डोळा टपोरा हवा, कल्ला लाल हवा, बोट दाबून उचललं की खड्डा भरून यायला हवा. सकाळी बाजारात मासळीवाली आपणहून चांगला मासा पुढे करायची आणि मावशी मनात म्हणायच्या, बघा, अजून आपल्याला वचकून आहे.

मग सोमवारी मालक दारात उभे राहून म्हणाले, “मावशी, परवा बाबा जेवायला येतायत. त्यांना तुमच्या हातची मुशी हवीय.”

मुशी म्हणजे हातभर लांबीचा लहान शार्क. काटा नावाला नाही, मधे फक्त एक मऊ कुर्चा; म्हणून तोंडाचं बोळकं झालेल्या थोरल्या मालकांची ती लाडकी. पण तिच्यासारखा लबाड मासा दुसरा नाही. डोळा चकचकीत, अंग घट्ट, आणि आत बिघडलेली. ती बिघडली की अंगाला मुतारीसारखा झणका येतो, शिजवल्यावर दुप्पट. तो ओळखायला नाकाशिवाय दुसरं हत्यार नाही, हे अख्ख्या बाजाराला शिकवलं होतं कुणी? मावशींनीच.

बुधवारी पहाटे त्या बाजारात पोहोचल्या. मासळीवालीने पाटीतली एक मुशी तयारच ठेवली होती.

“ही घ्या मावशी. तुमच्यासाठीच बाजूला काढलीय.”

एरवी त्यांनी ती पिशवीत टाकली असती. पण शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि मुशीच्या बाबतीत मावशी पुढे केलेला मासा निमूट घेतात, असं त्यांनी बघितलं तर शोभेल का? मावशी खाली वाकल्या. त्या मुशीच्या पोटाशी नाक नेलं, डोळे मिटले, मान हलवली.

“ही नको. ती दे, पलीकडची.”

“ती कशाला, मावशी? ती कालची...”

“मी मासे घेत होते तेव्हा तू परकरात होतीस. दे ती.”

दोन्ही गिऱ्हाइकं आदराने मागे सरकली. मासळीवाली मात्र तोंड उघडं टाकून बघत राहिली.

कॅन्टीनमध्ये मावशींनी मुशी रीतसर हातात घेतली. तिची कातडी म्हणजे पॉलिश-कागद. नुसता सुरीचा खेळ चालत नाही. अंगावरून उकळतं पाणी ओतायचं, मग काथ्याने घासून वरची रेती काढायची, मग पोट फाडून आतून स्वच्छ धुवायचं. बाजूने जाणारी गडद लाल पट्टी कापून टाकायची, कारण उग्रपणा सगळा तिच्यात. मावशींनी बोटभर जाडीचे तुकडे पाडले, मीठ आणि लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवले आणि वन्संना म्हणाल्या, “बघा, कशी पांढरीशुभ्र आहे.”

वन्सं पातेल्याजवळ आल्या आणि तशाच दोन पावलं मागे गेल्या. “वहिनी, पाणी बदलूया का?”

“आत्ताच घातलंय.”

“केस पडला वाटतं त्यात.” वन्संनी पाणी बदललं. दहा मिनिटांनी पुन्हा बदललं. तिसऱ्यांदा मावशी भडकल्या, “वन्सं, तुम्ही मुशी धुताय की धुणं? आता थेट तव्यावर जाऊ दे!”

त्यांनी पातेलं उचललं, तेवढ्यात वन्संनी वळताना असा काही कोपर मारला, की पातेलं हातातून सुटलं आणि सगळे तुकडे भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात बुडाले. आवाज ऐकून मालक धावत आले.

“काय हे! बाबा तासाभरात येतील!”

“माझ्याच हातून झालं,” वन्सं म्हणाल्या. “वहिनींचा काही दोष नाही.”

“पंधरा वर्षं झाली तरी धड हात चालत नाहीत तुमचे!” मालकांनी वन्संना आणखी बरंच ऐकवलं. वन्सं पदराला हात पुसत उभ्या होत्या, जणू दुसऱ्याच कुणाला बोलणी बसतायत.

मालक गेल्यावर वन्सं वाकल्या आणि ओट्याखालून झाकलेलं पातेलं ओढून बाहेर काढलं. आत लिंबाच्या पाण्यात मुशीचे तुकडे होते, लाल पट्टी काढलेले, एकसारखे.

मावशींनी वाकून बघितलं. “ही कुठली?”

“तुम्ही नको म्हणालात ती. मासळीवालीचा फोन आला, म्हणाली, पळत या, घोटाळा झालाय.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“तुमचा ताप उतरला त्याच दिवशी झाकणाखाली दूध करपत होतं. बाहेर अंगणात मला वास आला आणि तुम्ही चुलीशेजारी बसून शेंगा सोलत होतात. तेव्हाच कळलं.” वन्सं हसल्या. “रोज पहाटे तुमच्या आधी अर्धा तास जाऊन मीच हुंगून ठेवते. पण आज तुम्हाला पारख सुचली!”

मावशींना हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. आठ आठवडे आपण लपवाछपवीत किती हुशार ठरलो, याचा केवढा तोरा होता त्यांना! “तुम्ही बोलला का नाहीत? मोठी शेगडी मिळाली असती.”

“मग भांडायला कोण राहिलं असतं? तवा ठेवा, उशीर होतोय.”

त्या दिवशी पहिल्यांदाच दोघी एका शेगडीपाशी उभ्या राहिल्या. मावशींनी लसूण टाकला आणि हळूच विचारलं, “कसा येतोय?”

“अजून कच्चा आहे. थांबा. आता... आता छान. भूक लागेल असा.”

“मिरी?”

“नाकात गेली. बास.”

तुकडे जास्त शिजू द्यायचे नाहीत, नाहीतर चामडं होतं. ते मावशींच्या बोटांना डोळे मिटून कळत होतं. उलथन्याने दाबलं, पाकळी सुटली, उतरवलं.

थोरले मालक जेवले. बोळक्याने चावत, बोटं चाटत, तीनदा वाढून घेऊन. मग अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, “मावशी, तुमच्यासारखी मुशी निवडणारं माणूस पुन्हा व्हायचं नाही!”

मावशींना नुसतं हसून गप्प बसता आलं असतं. वन्संनी तशी खूणही केली.

“मी निवडली नाही,” मावशी म्हणाल्या. “मी निवडलेली सडकी होती, ती वन्संनी मुद्दाम सांडली आणि बोलणीही खाल्ली. मला वास येत नाही. दोन महिने झाले.”

चाळीस माणसांचे घास थांबले. मालकांनी वडिलांकडे पाहिलं.

“अहो, मला दात नाहीत,” थोरले मालक म्हणाले, “म्हणून मी जेवायचा थांबलो का? यांनी हुंगावं, तुम्ही रांधावं. आणि तू रे, यांची माफी माग आधी.”

मालकांनी मागितली. वन्संना इतकं अवघडल्यासारखं झालं, की त्यांनी मालकांनाच एक तुकडा जास्त वाढला.

संध्याकाळी मावशी बाजारात गेल्या. मासळीवालीने पहिल्या मुशीचे पैसे परत करायला काढले, ते मावशींनी तिच्याच मुठीत दाबून ठेवले. चांगल्या मुशीचे पैसे वन्संनी पहाटेच चुकते केले होते. ते मावशी घरी देऊ लागल्या, तर वन्संनी हात मागे बांधले. पन्नासेक पहाटेंची झोप, मालकांची बोलणी आणि हातातोंडाशी आलेली मोठी शेगडी, यांची किंमत विचारायची मावशींची छाती झाली नाही. त्यांनी फक्त वन्संचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

एकूण हिशेब असा, की मावशींनी भरलं ते एका सडक्या मुशीचं मोल आणि पंगतीसमोरची चार वाक्यं. बाकी सगळं वन्संनी भरलं.