थांबवलेल्यांची यादी

साथ आली आणि आमच्या त्वचारोग विभागाला कुलूप लागलं. बाकीचे विभाग चालू राहिले, कारण लोकांना श्वास घ्यायचा होता. खाजवणं काय, घरी बसूनही जमतं. बाकांवर फुल्या मारल्या, माझ्या हाताखालच्या दोन नर्सेस वरच्या वॉर्डात पळवल्या, आणि मला एक मोबाइल आणि रजिस्टर देऊन फोनवर बसवलं. वीस वर्षं मी इथे सिस्टर आहे. माणसाचा हात हातात घेतल्याशिवाय मला काही कळत नाही, आणि आता काम काय, तर लोकांना येऊ नका म्हणून सांगायचं.

पद्धत अशी ठरली. पेशंटने फोटो पाठवायचा, आमच्या विभागाच्या डॉक्टर मॅडमनी तो संध्याकाळी बघायचा आणि मी नाव दोनपैकी एका यादीत घालायचं: 'यावं' किंवा 'थांबावं'. मॅडम दिवसभर वरच्या वॉर्डात राबून खाली यायच्या. गालावर मास्कचे वळ, डोळे तांबारलेले, आणि समोर दोनशे फोटो. कोणी खरूज दाखवायला सबंध कुटुंब रांगेत उभं केलेलं. एकाने पाठीऐवजी भिंतीचाच फोटो पाठवला. पहिले आठ दिवस आम्ही हसलो. मग हसायचंही त्राण उरलं नाही. "थांबू दे," मॅडम म्हणायच्या, आणि मी लिहायचे.

टेलरकाका त्यांतलेच एक. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली उभी काळी रेघ. साथीच्या आधी मॅडमनी त्यांना बजावलं होतं, "तीन महिन्यांनी दाखवा. रुंद झाली तर तुकडा काढून तपासावा लागेल. कॅन्सरसुद्धा असू शकतो." तीन महिने भरले तेव्हा आम्ही बंद. फोटो तेवढा आला. रेघ बारीक, कडा स्वच्छ. "आहे तशीच आहे," मॅडम म्हणाल्या. मी नाव 'थांबावं'मध्ये लिहिलं.

अडीच महिन्यांनी एका दुपारी मी जुने फोटो नंबरवार लावत बसले होते. खरं सांगायचं तर पेंगत होते. टेलरकाकांचा अंगठा समोर आला आणि झोप उडाली. शिंप्याचा अंगठा, आणि त्यावर सुईची एक टोच नाही? कात्रीचा घट्टा नाही, सुरकुती नाही, अगदी तान्ह्या बाळासारखा गुळगुळीत. हा अंगठा मी स्वतः धरून पाहिला होता. चांगला खरखरीत होता.

फोन लावला. त्यांच्या मुलीने उचलला.

"बाबांचा फोटो कुठल्या फोनवर काढलास गं?"

"माझ्या. का हो, सिस्टर?"

"चेहरा गोरा, गुळगुळीत करणारं काहीतरी असतं ना त्यात? ते चालू होतं का?"

"ते चालूच असतं."

म्हणजे सुईच्या टोचांबरोबर काळा रंगही पुसला गेला असणार. "उद्या सकाळी घेऊन ये त्यांना."

मागून काकांचा आवाज आला, "अहो सिस्टर, मास्क शिवायचं ढीगभर काम आलंय. मान वर करायला फुरसत नाही. पुढच्या महिन्यात येतो की!"

"उद्या!" मी ओरडलेच.

आले बिचारे. मी विभागाचं कुलूप काढलं, हातमोजे चढवले आणि अंगठा हातात घेतला. काळा रंग नखाबाहेर कातडीवर उतरला होता. मॅडम खाली आल्या, भिंग लावलं आणि बराच वेळ ते हटवलंच नाही. त्याच दिवशी तुकडा काढून तपासायला पाठवला. बारा दिवसांनी रिपोर्ट आला. मॅडमनी काका आणि मुलीला समोर बसवून सरळ सांगितलं, कॅन्सर आहे, अंगठा पेरापासून काढावा लागेल.

मुलगी रडायला लागली. मला गप्प बसवेना. "काका, तुम्हाला थांबवलेल्यांत मी घातलं. फोटो बघूनच मला कळायला हवं होतं."

"फोटो मी बघितला होता," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही दोघी कशाला दोष वाटून घेताय?" काका म्हणाले. "मीच पोरीला म्हटलं, डॉक्टरीणबाईंना पाठवायचाय, हात जरा चांगला दिसू दे. साबणाने धुऊन, तेल लावून बसलो होतो."

मला त्यांचा भयंकर राग आला. फोटोसाठी कसला नटवायचा अंगठा! मग तो राग माझ्यावरच उलटला, कारण इतक्या फोनांत एकालाही मी सांगितलं नव्हतं, की आम्हाला वाईट दिसलेलंच हवं असतं.

"कधी करायचं?" त्यांनी विचारलं.

"परवा," मॅडम म्हणाल्या.

काकांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळले. मॅडमपेक्षा मी ऐकेन असं त्यांना वाटलं असावं. "सिस्टर, आठ दिवस द्या. शिवायचं पोरगी बघेल, मशीनवर तिचा हात बसलाय. कात्रीवर नाही बसला अजून. जेवढं कापड आहे तेवढं कापून ठेवतो."

आठ दिवस. मागत कोण होतं, तर ज्यांचे अडीच महिने मी एका शब्दात घेतले होते ते. माझे डोळे भरून आले, आणि मास्कमुळे निदान नाक तरी झाकलेलं होतं.

"परवा सकाळी सात वाजता, काका," मी म्हटलं. "उपाशीपोटी या."