उघडे शिंपले

“दादा, नळाच्या पाण्याला कसलातरी उग्र वास येतोय. उकळलं तरी जात नाही. बाळाचं दूध करू का त्याच्यात?”

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा जलकेंद्राचा ऑपरेटर चहा ओतत होता. त्याने काचेच्या टाकीकडे नुसती मान वळवली. आठही शिंपले उघडे.

“बिनधास्त कर,” तो म्हणाला.

गावाला सोडायचं नदीचं पाणी आधी या टाकीतून जाई. पाण्यात काही वाईट आलं की शिंपले मिटत, त्यांच्या पाठीवर चिकटवलेल्या तारांमुळे घंटा वाजे, आणि ऑपरेटरने मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा. बावीस वर्षं हेच काम. त्याचे वडील खाणीत होते. विषारी वायू कळावा म्हणून ते पिंजऱ्यात गाणारा पक्षी घेऊन खाली उतरायचे आणि घरी आल्यावर बायकोमुलांपेक्षा त्याचंच कौतुक जास्त. “वडिलांना गवई मिळाला, माझ्या नशिबी हे मुखदुर्बळ,” असं ऑपरेटर येईल त्याला ऐकवायचा. पण जीव होता त्याचा शिंपल्यांवर.

सकाळी सहाला घंटा वाजली होती. आठही मिटलेले. पण तेव्हाच बाहेर ट्रक दणकन मागे आला होता, आणि हादरा बसला तरी शिंपले मिटतात. असं शंभरदा झालेलं. दरवेळी पाणी बंद केल्याबद्दल साहेबांची बोलणी खाल्लेली. या वेळी त्याने घंटा बंद केली आणि व्हॉल्व्हला हात लावला नाही. दहाला शिंपले उघडले. त्याचा जीव भांड्यात पडला.

फोन ठेवल्यावर मात्र त्याला चैन पडेना. त्याने शिंपल्यांच्या हालचाली नोंदवणाऱ्या आलेखाचा कागद ओढला. जिवंत शिंपला मधूनमधून थोडा मिटतो, रेघ हलते. दहापासून आठही रेघा सरळ होत्या.

त्याने बाही सारून पाण्यात हात घातला आणि एका शिंपल्याच्या फटीत बोट सरकवलं. जिवंत असता तर चिमटा बसला असता. दुसरा पाहिला. तिसरा. सगळे.

पक्षी मेला की दांडीवरून खाली पडतो, आंधळ्यालाही कळतं. शिंपला मेला की सैल पडून उघडतो आणि खुशाल दिसतो. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हे त्याला शिकवलं होतं.

त्याने धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. मग ओल्या हातानेच बहिणीला फोन लावला.

“हळू बोल,” ती कुजबुजली. “आत्ताच झोपलाय. आज पहिल्यांदा अख्खी बाटली संपवली बघ.”

“उठव त्याला,” तो म्हणाला. “उठव.”