वजन वाढायचं टॉनिक

सुनेने बाटली खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. सकाळी गळ्यापर्यंत भरलेलं औषध आता अर्ध्यावर आलं होतं.

"आई, हे सांडलं का?"

"सांडायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?" सासूबाई नातवाला मांडीवर घेऊन कुस्करलेलं केळं भरवत होत्या. "शेजारणीला दिलं थोडं, दुसऱ्या बाटलीत ओतून. तिची नात बघ, नुसती काडी झालीय. म्हटलं, आमच्या गड्याला लागू पडलं, तिलाही पडेल. उद्यापासून देणार आहे ती."

गडी गाल फुगवून घास फुर्र करून उडवत होता. मध्यंतरी याच गड्याच्या फासळ्या कपड्यावरून दिसायच्या. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, औषध वेळेवर गेलं तरच खाल्लेलं अंगी लागेल. एचआयव्ही त्याला जन्मतःच आला होता, आईकडून. घरात फक्त नवऱ्याला हे ठाऊक होतं. सासूबाईंना कळू नये म्हणून सुनेने लेबल भिजवून खरवडून काढलं आणि वजन वाढायचं टॉनिक म्हणून सांगितलं. बाळ खरंच भरत गेलं, आणि सासूबाईंचा टॉनिकवर पक्का विश्वास बसला.

सुनेने बाटली खाली ठेवली. गप्प बसावं, तर दुसऱ्याच्या पोरीच्या पोटात हे जाणार. बोलावं, तर या घरात आपल्याला थारा राहील की नाही, कोण जाणे.

"आई, ते टॉनिक नाही."

ती खाली बसली आणि फरशीकडे बघत सगळं सांगून मोकळी झाली. आजाराचं नावही घेतलं, आणि तो आपल्यालाही आहे हेही सांगितलं. सासूबाईंचा हात वाटीतच राहिला. नातवाने आ करून वाट पाहिली, मग भोकाड पसरलं. त्यांनी घास भरवला, त्याचं तोंड पुसलं, त्याला सुनेच्या मांडीवर दिलं आणि चपला घालून बाहेर पडल्या.

भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला.

"अगं, ते औषध जुनं निघालं. तारीख उलटलीय त्याची. आण इकडे. आणि पोरीला दवाखान्यात ने, माझ्यासारखीचं काय ऐकतेस!"

परत आल्यावर त्यांनी दोन्ही बाटल्या मिठाच्या बरणीशेजारी, हाताला येतील अशा ठेवल्या. सुनेकडे बघणं मात्र टाळलं. मग नातवाचा गुबगुबीत दंड हातात धरून बसल्या.

"ह्याची पुढची वेळ कधी?"

"संध्याकाळी. सातला."

"बरं." त्यांनी नातवाचं झबलं सारखं केलं. "आणि तुझ्या गोळ्या? त्या कुठे ठेवतेस?"

सुनेने मान वर केली.

"पिठाच्या डब्यामागे."

"तिथे ओल येते," सासूबाई म्हणाल्या. "इकडे आणून ठेव."