पात्याची मागची कड

पंख्याच्या पात्यावर सगळ्यात दाट धूळ बसते ती पुढच्या कडेवर, जिथं वारा आधी आपटतो तिथंच. ती तर उडून जायला हवी, असं तिला लग्न होऊन आल्यावर वाटलं होतं. तेव्हा नवऱ्यानं पात्यावरून बोट फिरवून दाखवलं होतं. "पात्याला अगदी चिकटलेली हवा हलत नाही. पात्याबरोबरच फिरते ती."

आता तीच कड ती ओल्या फडक्यानं पुसत होती आणि तो खाली स्टूल धरून उभा होता.

"मागच्या कडेला हात नको लावूस."

"माहीत आहे हो. लेकीला जपलं नसेल एवढं या पात्यांना जपलंय मी."

"लेक नांदायला गेली तरी. ही बसलीत घरात."

"उद्या बघायला येतायत ना?" ती म्हणाली. तो हसला, पण स्टुलावरची त्याची पकड घट्ट झाली.

त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. पोट त्यावर चाले; जीव मात्र मागच्या खोलीत, पात्यांत अडकलेला. गल्ली त्याला भिरभिरे म्हणायची. त्याची आई शेवटी दवाखान्यात होती आणि तिच्या डोक्यावर एक पंखा रात्रंदिवस घरघरत होता. "मला वारा हवाय रे, गिरणी नको," म्हातारी म्हणायची. ते त्यानं मनावर घेतलं. कारखान्यांनी आधीच्या दोन रचना परत पाठवल्या. तिसरीत त्यानं मागच्या कडेला बारीक दाते कापले, म्हणजे हवा सुटताना आवाज करणार नाही. उद्या कारखान्याची माणसं येऊन ऐकणार होती. पंखा मुका निघाला, तर तो दवाखान्यांत लागणार होता.

ती खाली उतरली आणि नेहमीसारखी पंख्याकडे पाठ करून खुर्चीत बसली. दारं-खिडक्या बंद झाल्या. ही त्यांची जुनी रीत होती. तो रेग्युलेटर फिरवायचा आणि विचारायचा. आवाज आधी त्यालाच ऐकू यायचा. तिचं उत्तर म्हणजे नुसती खातरजमा.

"एकवर. काही?"

"काही नाही."

"दोन?"

"नाही."

तीनवर ती शिट्टी आली. केसाएवढी बारीक, पण सलग. एखादा दाता जाड राहिला होता.

पहिल्यांदा ती ऐकू आली तेव्हा तिनं सांगितलंही होतं. "तुझे कान वाजतायत," असं म्हणून त्यानं गमतीत तिचा कान ओढला होता. पुढं थंडीत त्याला ताप आला. काखेतली तापमापी बारीक पीं-पीं करून थांबली, तरी तो दंड आवळून पडून राहिला. "अहो, वाजली की." "कधी?" असं त्यानं विचारलं तेव्हा तिला उमगलं. ज्या कानांवर त्यानं हे सगळं उभं केलं, ते वरचे सूर सोडून बसले होते आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. तेव्हापासून ती "नाही" म्हणत आली. जरा बरं वाटू दे, मग सांगू. कारखान्याचं पत्र येऊ दे, मग सांगू.

"तीन," तो म्हणाला. "ऐक, कशी शांतता आहे. आईला झोप लागली असती गं."

ती वळली. असं मध्येच वळायचं नाही, हा त्याचाच नियम होता. तो डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होता. त्याचा चेहरा इतका निवांत तिनं फार वर्षांत पाहिला नव्हता. उद्या याच खोलीत चार परकी माणसं एकमेकांकडे बघतील, आणि हा असाच डोळे मिटून उभा असेल.

तिनं उठून पंखा बंद केला. पाती फिरत फिरत थांबली.

त्यानं डोळे उघडले. "का गं? तीनचं सांगितलं नाहीस. काही?"

तिनं त्याचा हात धरला आणि त्याला आपल्या खुर्चीत बसवलं.

"आहे," ती म्हणाली. "तीनवर शिट्टी आहे. वर्ष झालं, मला रोज ऐकू येते. तुम्हाला येत नाही."